डेलियांमागचा माणूस

चर्चमधली फुलं हलवायची नाहीत, हे क्लेमंट गॅरडला पक्कं ठाऊक होतं. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या चर्चमध्ये जा. खांबाला मिठी मारा, छतावरचे लाकडी देवदूत बघायला फरशीवर उताणे पडा, कुणी काही म्हणत नाही. पण ज्या बाईनं फुलं रचली तिच्याखेरीज कुणाचीही, अगदी पाद्र्याचीही, त्यांना हात लावायची छाती नाही.

क्लेमंटनं जन्मभर टपालाची गाडी हाकली होती. आता दर शनिवारी तो नवं चर्च बघायला निघे. आज पन्नास मैल गाडी चालवून तो ब्रॅमिंगफील्डला आला, तो एकाच माणसासाठी. बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रावर कुणा जुन्या कारागिरानं जीभ काढून दाखवणारा माणूस कोरला होता. पण उद्या सुगीची प्रार्थना आणि गावजेवण होतं. पात्रापुढे डेलियाच्या फुलांची भिंत उभी होती आणि पायथ्याशी भोपळे. क्लेमंटनं उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, शेवटी पोटावर झोपून पाहिलं. एक कान दिसला.

दाराशी अभिप्रायवही होती. तिच्यात वर्षानुवर्षं सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, ‘फार शांत वाटलं.’ क्लेमंटनं चिडून लिहिलं, ‘फुलं अप्रतिम. त्यांच्यामागे एक चर्चही आहे, असं ऐकून होतो.’ नाव घालायचं धैर्य मात्र झालं नाही.

गाडीत त्याची बायको बेरिल विणत बसली होती. तिनं मान वर केली.

“क्लेम, चष्मा कुठंय तुझा?”

चष्मा वहीपाशीच राहिला होता.

तो परतला, तर वहीपुढे एक बाई उभ्या होत्या. फुलांचं काम बघणाऱ्या ईनिडबाई लार्टर. स्वतःचा चष्मा विसरल्यामुळे त्यांनी क्लेमंटचा चढवला होता आणि त्यातूनच त्या क्लेमंटचा अभिप्राय वाचत होत्या. शेजारी चर्चचे कारभारी बॉरेट घाम पुसत होते.

“अहो ईनिडबाई, हे शेजारच्या हॅनिंग गावाचं काम. फुलांच्या स्पर्धेत हरले ना, तेव्हापासून पोटात दुखतंय त्यांच्या.”

“काम कुणाचंही असो. बावीस वर्षं केलं, पुरे झालं.” बाईंनी एप्रन काढून बाकावर टाकला.

“अहो, उद्या सुगीची प्रार्थना आहे!”

“म्हणूनच आज सांगतेय.”

क्लेमंट खाकरला. “माफ करा, तो चष्मा...”

“थांबा हो जरा!” बॉरेटनी फोन कानाला लावला. “हॅनिंगचं चर्च का? काय हो, आमच्या वहीत येऊन टोमणे मारता? उद्या जेवायला येऊ नका, सांगून ठेवतो! ...काय? कसलं पिंप?” त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच फोन खाली घेतला. “चहाचं मोठं पिंप त्यांचं आहे. परत न्यायला माणूस निघालाय.”

 उद्या नव्वद माणसं जेवायला, आणि चहा नाही. मागं एकदा पाद्री आला नव्हता, ते गावानं निभावून नेलं होतं. पण हे?

क्लेमंटला राहवेना. “ते मी लिहिलं,” तो म्हणाला.

दोघं त्याच्याकडे बघतच राहिली. बॉरेटनी टाय सरळ केला.

“अस्सं. बाकी... चर्च आवडलं का?”

“फार शांत वाटलं,” क्लेमंट पुटपुटला.

मग तो ईनिडबाईंपुढे जो सुटला, तो थांबेना. असे डेलिया उभ्या जन्मात पाहिले नाहीत म्हणाला, आपल्याला फुलांतलं ओ की ठो कळत नाही म्हणाला, आणि तुम्ही काम सोडलंत तर मला झोप लागणार नाही, असंही म्हणाला.

“मग मिटलं!” बॉरेट आनंदानं ओरडले. “ईनिडबाई, आता पुढची बावीस वर्षं!” आणि हॅनिंगवाल्यांची माफी मागायला, पिंपवाल्याला अडवायला ते बाहेर धावले.

ईनिडबाईंनी चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला.

“फारच शहाणे आहात हो तुम्ही.”

“म्हणजे?”

“कारण नसताना सोडलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बावीस वर्षं वाट बघतेय, कुणीतरी नावं ठेवेल म्हणून. बहीण समुद्रकाठी राहते, दर शनिवारी बोलावते बिचारी. आज कुठं एप्रन उतरला, तर तुम्ही माफी मागायला हजर!”

क्लेमंट ओशाळला. “आता मी काय करू?”

 बाईंनी दोन्ही हातांनी डेलिया बाजूला सारले. मागं तो होता. गाल फुगलेले, डोळे बारीक, जीभ हनुवटीपर्यंत. क्लेमंट सगळं विसरून खाली वाकला. नाकपुड्यासुद्धा कोरल्या होत्या! तेवढ्यात मागून कमरेला काहीतरी आवळलं गेलं. एप्रनची गाठ.

“शनिवारी सकाळी दहाला या,” ईनिडबाई म्हणाल्या. “काय कुठं दिसायला हवं, ते तुम्हाला बरोबर कळतं.”

क्लेमंट गाडीत येऊन बसला. बेरिलनं त्याच्या एप्रनकडे पाहिलं, सुया खाली ठेवल्या आणि नकाशा उघडला.

“बरं, पुढच्या शनिवारी कुठलं चर्च?”

“हेच.”

“आणि त्याच्या पुढच्या?”

क्लेमंटनं गाडी सुरू केली.