कंडक्टरमामांचं जालना दर्शन

माझं अक्षर बरं नाही आणि शुद्धलेखन तर विचारूच नका. शाळा चौथीत सुटली. कुणाच्या हाती ही वही लागली तर चुका पोटात घाला. पण कंडक्टरमामांबद्दल लिहिल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही, आणि तोंडानं बोलायची मला सवय नाही.

आमच्या गल्लीतला हा माणूस भर रस्त्यात, चार पुरुषांदेखत, म्हाताऱ्या बायांना विचारतो, "जाऊन आल्या का?" देवळात नव्हे, लघवीला.

मामा एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. जाफराबाद-जालना ही त्यांची लाइन. रिटायर झाले, पाठोपाठ बायको वारली, मुलगा पुण्याला. मग त्यांच्या डोक्यात आलं की रिटायर लोकांना आपलंच शहर सावकाश दाखवायचं. "लोक काशी करून येतात, अन् जुन्या जालन्यातल्यानं पूल ओलांडून नवं जालना धड पाह्यलेलं नसतं," असं ते म्हणत. माणशी शंभर रुपये, दोन मोठ्या रिक्षा, महिन्यातला एक रविवार. मी मुलींच्या हॉस्टेलात एकवीस वर्षं भाकरी थापल्या. काम सुटलं तेव्हा शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, "चल, घरात बसून भिताडं मोजतीस का?" म्हणून गेले.

मामांच्या गळ्यात जुनी चामड्याची बॅग. आधी सगळ्यांची डोकी मोजायची, मग पत्र्यावर दोनदा टकटक करून रिक्षा सोडायची. रिक्षावाला एकदा वैतागला. "मामा, मी तुमच्या शेजारी बसलोय. तोंडानं सांगा ना."

"तोंडानं सांगितल्यावर गाडी हालत नसती," मामा म्हणाले.

मस्तगडापाशी उतरलो. मामा म्हणाले, "हा मस्तगड. लई जुना हाय." इतिहास संपला. "आता ध्यान देऊन ऐका. त्या गल्लीत सोय हाय. आतून कडी बराबर लागती. बादलीत पाणी हाय, मी काल बघून आल्तो. जल्दी न्हाई, सावकाश जाऊन या." मोती तलावावर तेच. तलावाकडं हात करायच्या आधी हात सोयीकडं. आमच्यात एक रिटायर तलाठी आहेत, अण्णा. ते म्हणाले, "मामा, हे जालना दर्शन हाय का संडास दर्शन?" सगळे हसले. मी पदर तोंडावर ओढला.

वर हा माणूस पाणी पाजायचा. बाईमाणसानं घराबाहेर निघायचं तर सकाळपासून पाणी पिऊ नये, हे मला आईनं शिकवलं आणि तिला तिच्या आईनं. जन्मभर मी तशीच बाहेर पडले. लग्नाला गेले, बाजाराला गेले, दवाखान्यात दिवसभर बसले, ओठ सुकवून. मामा बाटली घेऊन समोर उभे राहायचे. "ताई, तुम्ही दोन ठिकाणी पाणी घेतलं न्हाई. मी मोजून राह्यलो." परक्या बाईचं पाणी मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. राग यायचा, पण बोलायची कशी?

तिसऱ्या फेरीला ऊन फार होतं. मामा हटूनच बसले आणि मी त्यांच्या भरवशावर दोन गिलास प्याले. पुढचा मुक्काम एक बाग. तिथल्या वॉचमनशी आदल्या दिवशी बोलणं झालेलं, किल्ली त्याच्याकडं, सगळं पक्कं.

दाराला कुलूप होतं आणि वॉचमन परतूरला लग्नाला गेलेला.

मामांनी फोन लावला, कुलूप हलवलं, बागेला चक्कर मारली, पुन्हा फोन लावला. पुरुष भिंतीमागं जाऊन आले. त्यांचं काय अडतं? मी झाडाला टेकून उभी, पायाची बोटं आवळून. अर्धा तास गेला. अजून जराशानं माझी सगळ्यांसमोर शोभा होणार, हे मला कळून चुकलं होतं. मामा आले आणि म्हणाले, "ताई, धाच मिनिटं."

मग माझ्या तोंडून निघालं, आणि मोठ्यानं निघालं. "तुमच्या बायकोलाबी असंच फिरवलं का हो?"

मामांनी हातातला फोन उलटा धरला होता, तसाच धरून ते उभे राहिले. गयाबाईंनी मला दंडाला धरून समोरच्या एका घरी नेलं. तिथली बाई कणीक मळत होती. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पिठाचा हात मागच्या दाराकडं केला. अख्ख्या शहरात मला जागा मिळाली ती एका अनोळखी बाईच्या घरात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. दहा रुपये ठेवले. "तुमचं दर्शन अर्धं राह्यलं. पैसे परत."

"शंभर दिले होते."

"आज सुट्टे एवढेच हायेत."

जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस, आणि सुट्टे नाहीत म्हणतो. मी दहा रुपये घेतले आणि आत गेले. ते तिसऱ्या दिवशी आले, पाचव्या दिवशी आले. दर खेपेला दहा. जरा वेळ बसायचे, काहीबाही बोलायचे. मी उंबऱ्याच्या आतून ऐकायचे.

चौथ्या खेपेला बायकोचं काढलं. म्हणाले, "आमची शांता एकदा माझ्याच गाडीनं आल्ती, जाफराबादहून. मधी मला खुणेनं बोलावलं. गाडी थांबवा म्हणली." आणि उठून गेले. असं अर्धवट सांगून कुणी उठतं का? दोन दिवस मी चरफडत राहिले.

पुढच्या खेपेला: "मी म्हणलो, गाडी लेट हाय. सगळ्यांदेखत म्हणलो."

त्याच्या पुढं: "जालन्याला उतरली तव्हा लोक तिच्या साडीकडं बघून राह्यल्ते. मी डेपोच्या खिडकीवर तिकिटांचा हिशेब देऊन राह्यल्तो."

मग दोन खेपा नुसते बसले. नवव्यांदा आले तेव्हा म्हणाले, "एसटीचा फुकट फॅमिली पास दरसाल काढायचो. बावीस वर्षं. ती परत कोण्याच गाडीत बसली न्हाई. रागावली न्हाई, काही बोलली न्हाई. नुसती बसली न्हाई."

त्याच आठवड्यात गयाबाईंकडून कळलं की बाकी सगळ्यांचे शंभर रुपये मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच घरोघर जाऊन दिले होते, कोऱ्या नोटा. माझं डोकं फिरलं. मी एकटीनंच काय पाप केलं?

दहाव्या खेपेला मी उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिले. "बाकीच्यांना एकदम दिले. मला काहून हप्ते?"

मामांनी खिशात हात घातला.

"बाकीच्यांनी तिच्याबद्दल काही इचारलं न्हाई, ताई."

त्यांनी शेवटचे दहा रुपये ओट्यावर ठेवले, वर हात ठेवला, मग काढला. "बघा, बराबर झाले का शंभर."

मी आतून बाकीचे आणले, त्यांच्यासमोर मोजले. बराबर शंभर होते. हो म्हणायला मात्र मी फार वेळ लावला.