जबाब आला नाय

आमच्या नानांनी म्हशीला पाच नंबर दिला होता. मला चार.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. आधी आमचं घर होळीपर्यंत भातावर चालायचं, पुढे माळावरचं गवत कापून विकण्यावर. मग नानांना कुंभिवलीच्या एका कारखान्यात मीटर बघायचं काम लागलं, आणि ऐंशी सालानंतर तिथे नवी यंत्रणा आली. सगळे पंप, बॉयलर एकाच तारेवर जोडलेले. मधलं मोठं यंत्र एकेकाला नंबराने हाक मारी. ज्याचा नंबर, त्यानेच बोलायचं; बाकीच्यांनी गप्प. जबाब नाही आला तर पुन्हा विचारायचं, तरी नाही तर लाल दिवा.

ही शिस्त नानांनी घरी आणली. जेवताना विचारीत, "एक नंबर, भात?" एक नंबर म्हणजे माझे वडील, आबा. ते नुसती मान हलवीत.

"मान तारेतून जात नाय, दादा. तोंडानं सांग."

मध्येच कुणी बोललं की, "लायनीत घुसू नका रं!" काकू कपाळाला हात लावी. म्हैस तेवढी न विचारता बोलायची.

मी बारावी झाले आणि कर्जतहून स्थळ आलं. घर चांगलं, भाताची जमीन बक्कळ. पोहे संपवून पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला, "पोरीला पसंत हाय ना?" मी खाली बघत राहिले.

"लाजली! गप्प हाय म्हंजे होकारच."

सगळे हसले. आबांनी सुपारी हातात घेतली.

"थांब दादा," नाना म्हणाले. "जबाब आला नाय."

"अरं, गप्प म्हंजे हो!" म्हातारा म्हणाला.

"गप्प म्हंजे तार तुटलेली. आमच्या कारखान्यात गप्पला हो धरला तर बॉयलर फुटंल." मग माझ्याकडे वळून, "चार नंबर, लगीन करायचं?"

मी पोह्यांच्या बशा गोळा करू लागले.

"पुन्यांदा इचारतो. करायचं?"

"नाय. मला कॉलेजात जायचंय."

पाहुणे चहा न घेताच उठले. आबा नानांशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी नाना पडवीत एकटेच बसले होते. मी विचारलं, "माझ्यापायी वाईटपणा कशाला घेतलात?"

"तुझ्या काकूला लग्नाच्या येळी कुणी इचारलं नव्हतं गं. मीबी नाय."

"मग आता विचारा की."

आत काकू भाकऱ्या थापत होती. नानांनी आवाज खाली आणला.

"भ्या वाटतं. जबाब आला तर?"

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.