दिघेसरांनी काढलेली माझी चाल

दिघेसरांनी मला फसवलं. कंबरदुखीवरचा पट्टा आहे असं सांगून त्यांनी माझ्या कमरेला चाल मोजणारं यंत्र बांधलं.

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त प्राध्यापक. जिन्यात भेटले की ‘केम छो’सुद्धा पायांकडे बघून म्हणतात. वॉचमन, दूधवाला, गरब्याच्या क्लासला निघालेल्या मुली, सगळ्यांच्या घोट्याला यांची काडेपेटीएवढी, चाल मोजणारी पट्ट्याची डबी. शेजारच्या वरातीतला घोडाही सुटला नाही.

“पावलापावलात थोडा फेर, थोडा फरक तर हवाच ने!” हे त्यांचं पालुपद. “पण फेर फार वाढला की माणूस पडतो.”

त्यांच्याच घरात त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एकदा पडल्या होत्या. पण पट्टा दिसला की त्या भडकत. “मी काय आजारी आहे?”

मी खंडेराव मार्केटात कांदे विकतो. हातगाडीपासून सुरुवात करून नाव कमावलंय. परवा ऐन गर्दीत सर मोबाइल नाचवत आले आणि ओरडले, “महाडिक, तुमची चाल दर पावलाला बदलते!”

गिऱ्हाइकांनी हातातले कांदे खाली ठेवले.

“सर, चालणं म्हणा, चालणं!”

“तेच म्हणतोय. उत्तम चाल! सगळ्यांनी अशीच खेळ— आपलं, चालावी.”

“जोयुं? हुं कहेती’ती ने!” एक बेन ‘बघा, मी म्हणत होते ना’ अशा सुरात म्हणाल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या.

संध्याकाळी तावातावाने भांडायला वर गेलो. दार उघडंच होतं. काकू भिंत धरून सरांवर कडाडत होत्या.

“वॉचमनला बांधलंत, घोड्याला बांधलंत, त्या महाडिकांनाही बांधलंत. मीच तेवढी नकोशी?”

सर गुडघ्यांवर बसून पट्टा बांधायला लागले. हूक काही लागेना. शेवटी मीच लावला. काकू चालू लागल्या. सरांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात पसरून ते काकूंच्या पुढे पुढे, उलट्या पावलांनी चालत राहिले.

म्हणजे एका बाईने हट्ट सोडावा म्हणून अख्खी सोसायटी बांधली? बांधा की! पण मला कंबरदुखीची थाप कशाला? खरं सांगितलं असतं तर मी सगळ्यांच्या आधी उभा राहिलो असतो. इतकी वर्षं एका जिन्याने चढतो-उतरतो आपण. मग मला परका का धरलंत? सर, याचा जवाब द्या.