अप्पांचा गरीब शाम्पू

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा आलेल्या माणसाला बसायला सांगायच्या आधी त्याच्या डोळ्यात शाम्पू घालतात. पाण्यात कालवलेला एक थेंब. वर बजावतात, "डोळा मिटायचा न्हाई. झोंबायलंय का?"

लातुरातलं किराणा दुकान मुलाकडे सोपवून अप्पा मागच्या खोलीत शाम्पू करत बसतात. डोळ्याला अजिबात न झोंबणारा शाम्पू, एवढा एकच ध्यास. त्यांचे स्वतःचे डोळे आता सरावलेत, म्हणून दुसऱ्याचे लागतात. माझ्या डोक्यावरच्या केसांनी केव्हाच रजा घेतली, तेव्हा शाम्पूशी माझा संबंध नाही. पण डोळे दोन आणि स्वभाव भिडस्त, एवढ्या पात्रतेवर माझी कायम नेमणूक झाली.

फेस काढणाऱ्या रसायनांकडे अप्पा सोयरीक जुळवायला निघाल्यासारखे बघतात. "हे एसएलईएस. फेस ढीगभर, पर लई आगाव. डोक्यातलं तेल ओरबाडून नेतंय. अन् हे कोको ग्लुकोसाइड. खोबऱ्याचं अन् साखरेचं लेकरू. फेस बेताचा, पर लई गरीब हाय."

गरीब म्हणजे गाय गरीब असते तसं, कुणाला न मारणारं. मी पडलो मराठीचा मास्तर. म्हणालो, "अप्पा, त्याला सौम्य म्हणतात."

"सौम्य गाय बघितलीय का सर कुठं?"

मी डोळा चोळला. बाटल्यांवर 'गरीब शाम्पू' अशी चिठ्ठी लागली, तीही माझ्याच वळणदार अक्षरात. मुलानं त्या मुरुडच्या बाजारात विकायला नेल्या. तिथं एका बाईनं चिठ्ठी वाचली आणि बाटली परत ठेवली. "आम्ही काय गरीब दिसायलोत का?" सगळा माल जसाच्या तसा परत आला. मी मनातून खूश झालो. वाटलं, आता तरी माझे डोळे सुटतील.

अप्पा म्हणाले, "विकायसाठी कोण करायलंय?"

त्यानंतर एका सकाळी माझ्या घरीच बाटली आली. अप्पांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, उदगीरला लग्नाला जायचं होतं, त्या घाईत केलेली. मी भिडेखातर थेंब घातला आणि डोळा पेटला. ग्लुकोसाइड गरीब खरं, पण त्यात लिंबूसत्त्व घातलं नाही तर तेही लाथ मारतं, आणि अप्पा नेमके तेच विसरले होते. एका डोळ्यानं वाट काढत मी भांडायला निघालो.

मागच्या अंगणात काकू पाटावर बसल्या होत्या. अप्पा एका हातानं त्यांच्या केसांवर पाणी घालत होते आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर आडवा धरला होता. काकूंच्या चेहऱ्यावरून वारं गेल्यापासून तो डोळा मिटत नाही, हे मला माहीत होतं. अप्पांचा शाम्पूही माहीत होता. दोन्ही गोष्टी एकत्र जोडायची अक्कल तेवढी नव्हती.

अप्पा टॉवेल आणायला आत गेले. काकूंचा डोळा लाल झाला होता.

"काकू, आज चुकलंय काहीतरी. सांगतो त्यांना."

"नका सांगू, सर," त्या हळूच म्हणाल्या. "मला झोंबलं म्हणलं की ते जेवत न्हाईत."

भांडण कुठल्या कुठे गेलं.

अप्पा बाहेर आले. "झोंबलं का ओ?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"नाही," मीही म्हणालो.

अप्पांनी आमच्या दोघांकडे निरखून पाहिलं. टॉवेलचं टोक गार पाण्यात भिजवून त्यांनी आधी काकूंचा डोळा टिपला, मग माझा.