सहा मोबाईल, एक अंगण

तिसगावच्या बायकांना बोलतं करावं तर आपणच, असं मुबश्शिराचं ठाम मत होतं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी बायकांच्या गटचर्चा घेणं हे तिचं काम. यंदा चहापत्तीवरची चर्चा तिच्याच गावात निघाली आणि पोरगी हरखली. रजा संपलेल्या, अम्मीकडे, म्हणजे खातूनकडे, साधा फोन, तिचं तोंड बघून आठ महिने झालेले!

साहेब म्हणाले, ऑनलाइन घ्या.

मग हिनं पाढाच वाचला. प्रत्येकीचा चेहरा दिसला पाहिजे, आवाज वेगवेगळा आला पाहिजे, एकीचं ऐकून दुसरीनं मान डोलवता कामा नये, आणि चहा कंपनीवाले लपून ऐकतात ते कुणाला कळता कामा नये. खेड्यात हे जमायचं नाही, मीच जाते! साहेब म्हणाले, एकदा करून बघा, फसलं तर जा.

आता फसणंच पथ्यावर की! सहा जणींना तिनं तरी नियमाप्रमाणे बजावलं, आपापल्या घरी एकट्या बसा. पण खातूनच्या लेकीचं काम आणि एकटीनं बसायचं? हे कसलं वागणं! सहाही जणी मोबाईल घेऊन खातूनच्या अंगणात हजर. सहा चौकटींत एकच कडुलिंब, आणि सहा मोबाईल मिळून अशी शिट्टी घालायला लागले की कान किटावेत. मुबश्शिराला मनातून गुदगुल्या झाल्या. वरवर ती म्हणाली, घरी जा ना.

"घरी च्या कोन पाजनार?" सहांतल्या गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी पाच मोबाईल बंद करायला लावले आणि सगळ्या एकापुढं दाटीनं बसल्या. शिट्टी थांबली. मग काय, कुणाची पत्ती रंग सोडत नाही, कुणाच्या नवऱ्याला कडक लागतो, एकीचा शब्द दुसरी खाली पडू देईना. तेवढ्यात खातून कप घेऊन आली. अम्मी वाळली होती. मुबश्शिरा पुढचा प्रश्नच विसरली.

"तू न्हाई घेत?" गोजरबाईंनी विचारलं.

"सवय मोडली. एकटीसाठी कोन करतंय, बाई. चांगल्या पत्तीचा पुडा हाय ठेवलेला. मुबू येईल तवा फोडीन."

चर्चा संपल्यावर दहा मिनिटांत साहेबांचा फोन. चहावाले लई खूश! वर्षभराच्या चर्चा अशाच घ्यायच्या, गावाला जायची गरजच नाही. आणि त्या कप देणाऱ्या बाईंना पुढच्या वेळी नक्की घ्या.

"नियमात बसत नाही, साहेब. माझी आई आहे ती."

साहेब म्हणाले, "अरे वा! मग गावाला जाता कधी?"

"काम फसलं की."