अण्णांच्या बिनदागिन्यांच्या माश्या

अण्णा दारात उभे होते. अंगठ्यात गळ घुसलेला, रक्त मनगटापर्यंत आलेलं, आणि ते बघत होते गळावर बांधलेल्या माशीकडे. ती सुटली नव्हती. मग म्हणाले, "विमलताई, मेधा यायच्या आत काढा."

मेधा त्यांची मुलगी. जवळच्या हौगांगच्या बाजारात गेली होती. मागे एकदा टेबलावर रक्त दिसलं तेव्हाच तिने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर सगळा पसारा कचऱ्यात जाईल. ती बोलते तसं करते. म्हणून अण्णांनी समोरचं माझं दार वाजवलं.

हा माणूस ट्राऊट माशाला भुलवायला गळावर खोट्या माश्या बांधतो. त्यासुद्धा उडणाऱ्या नाहीत. पंख फुटायच्या आधी माशी नदीच्या तळाशी, दगडाखाली किडा होऊन राहते, त्या किड्यासारख्या. त्याला निंफ म्हणतात. ट्राऊटला बर्फाचं पाणी लागतं आणि आमच्या सेंगकांगला बारा महिने उन्हाळा, नळाचं पाणीही कोमट येतं. वर अण्णा अंडंसुद्धा खात नाहीत. नात इथल्या इंग्रजीत म्हणते, "आजोबा, हिअर नो ट्राऊट लाह." अण्णा म्हणतात, माहीत आहे.

रीत सोपी आहे. टेबलाच्या चिमट्यात गळ धरायचा, त्यावर दोरा, दोऱ्यावर लोकर, वरून तांब्याची तार, की झाली माशी. तार बिघडलेल्या चार्जरमधली. लोकर माझ्या तपकिरी शालीची. एमआरटीच्या एसी गाडीतल्या गारठ्यासाठी मी ती ठेवली होती, आता तिला एका बाजूने काठ उरलेला नाही. मी एकदा म्हटलं, एखादा चकचकीत मणी तरी लावा. तर म्हणाले, "माशाला दागिने नकोत. त्याला भूक लागलेली असते, लग्नाला जायचं नसतं."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. माझ्या माहेरी, मालवणला, भावाच्या पायात गळ गेला होता. टोकाजवळचा उलटा काटा गळाला मागे येऊ देत नाही, शेवटी मांस कापावं लागलं. मी अण्णांना दुसरीकडे बघा म्हटलं आणि गळ ओढला. तो सुईसारखा सरळ बाहेर आला.

अण्णा म्हणाले, "काटा मी पकडीने दाबून टाकतो. कुसुमला माशाला जखम झालेली चालायची नाही."

कुसुम म्हणजे त्यांची बायको. हिमाचलात धरणाच्या कामावर होते तेव्हा मासे ती धरायची. नवऱ्याची पँट घालून गुडघाभर पाण्यात उभी राहायची, मासा हातात घेऊन बघायची आणि परत सोडून द्यायची. अण्णा काठावर डबा सांभाळत माश्या बांधायचे. गळ पाण्यात त्यांनी कधीच टाकला नाही.

"कुसुमताई तर गेल्या," मी म्हटलं. "मग आता कशाला बांधता?"

ते अंगठ्यावर मी लावलेला कापसाचा बोळा दाबत राहिले. "दुपार जात नाही हो."

तेवढ्यात मेधा आली. तिने अंगठा बघितला, पिशव्या खाली ठेवल्या, समोर त्यांच्या घरात जाऊन माश्यांची पेटी उचलली आणि लिफ्टजवळच्या, कचरा खाली टाकायच्या चुटकडे निघाली. अण्णा खुर्चीतून उठले. मी वाटेत आडवी उभी राहिले. माझ्या बाजूने जायला जागा राहत नाही.

"टाक," मी म्हटलं. "आणि उद्यापासून ऑफिसला जाऊ नकोस. दुपारी त्यांच्याजवळ बस."

"काकू, त्यांचे हात थरथरतात. डोळ्यात गेला असता तर?"

"गळ मी लावीन. ते नुसता दोरा गुंडाळतील."

तिने पेटी छातीशी धरली. मग घरात जाऊन तिने ती टेबलावर ठेवली. खूश नव्हती.

आता दुपारची जेवणं आवरली की मी तिकडे जाते. चिमट्यात गळ बसवते. सैल बसवला म्हणून ते कुरकुरतात, मी त्यांना गप्प बसा म्हणते. त्या वेळी आमचा मजला ऑफिसला आणि शाळेला गेलेला असतो. घरी असतात बायको गेलेले अण्णा, आणि नवरा गेलेली मी.