मध्ये एक वरात

उसाचा ट्रक पुढं दिसला की आमचे शेजारी बाबूतात्या मोटारसायकल इतकी हळू करतात की पायी चालणारा मागं वळून बघतो. ट्रकपासून किती अंतर ठेवायचं याचं त्यांचं माप ठरलेलं आहे. "मध्ये एक वरात मावली पाहिजे. बँजोसकट!"

कळंबमध्ये मी जादा भाराविरुद्ध पत्रकं काढतो. दुप्पट माल भरणाऱ्यांना आणि ते बघून डोळे मिटणाऱ्यांना जाहीर जाब विचारतो, विचारत राहीन. तात्या पत्रक घडी घालून खिशात ठेवतात. "तू ट्रक थांबव. तंवर म्या थांबतो."

अडचण अशी की त्यांच्या त्या वरातीत मागची सगळी वाहनं घुसतात. मग नवी वरात मावावी म्हणून तात्या आणखी मागं. एकदा मला वाटलं, धाराशिवला निघालेले आम्ही उलटे कळंबलाच पोचणार.

आमच्याकडं धावत्या ट्रकमधून ऊस उपसणं म्हणजे पराक्रम. एक ट्रक आम्हाला ओलांडत असताना मागच्या सीटवरून मीही हात लांबवला. तात्यांनी गाडी थांबवली, मला रसवंतीत नेलं, दोन ग्लास रस पाजला. "भागली हौस? आता हात मांडीवर."

परवा मात्र त्यांना घाई होती. त्यांची लेक सुनीता लातूरहून पुण्याला निघाली होती. धाराशिव स्टेशनात तिची गाडी जेमतेम थांबते, तेवढ्यात भेटायचं ठरलं होतं. तात्यांनी स्वतः धपाटे केले होते. डबा माझ्या मांडीवर.

येडशीच्या पुढं एक ट्रक लागला. एका अंगाला कललेला, उसानं मागचे दिवे झाकलेले.

"तात्या, आज मारा ओव्हरटेक! समोर रस्ता मोकळा आहे."

तात्यांनी चक्क गाडी उजवीकडं घेतली. तेवढ्यात ट्रक खड्ड्यात आदळला. वरची मोळी घसरली आणि दोराला लोंबकळत राहिली. तात्या मागं आले. वरातीइतके मागं.

स्टेशनात पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. फोन वाजला. तात्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"तात्या, कुठं हाव?"

"स्टेशनात. गाडी गेली गं."

"ट्रक होता?"

"व्हय."

"वरात मावली का?"

"मावली."

"बँजोसकट?"

तात्या हसले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. "बँजोसकट."

"मग झालं. पुढच्या खेपेला मीच उतरते, घरी येते."

मी बाकावर बसून ट्रकवाल्यांचा, भरणाऱ्यांचा, सगळ्या व्यवस्थेचा उद्धार करू लागलो. नवं पत्रक तोंडातच तयार होत होतं. तात्यांनी डबा उघडला.

"तुझं बराबर हाय," ते म्हणाले. "लिही तू. पर तिची आई गेली तवापसनं सुनीताला मागं दुसरं कुणी न्हाय. लोकांना एकुलती एक लेक आसती. म्या तिचा एकुलता एक माणूस हाय. जपून वापराया लागतो."

त्यांनी एक धपाटं माझ्या हातावर ठेवलं.

"खा पोटभर. परतताना बी ट्रक हायेत."